रेडिओ-नियंत्रित विमानाची मोठी प्रतिकृती : तपशील आणि वजन यांचा मेळ (‘पस मॉथ’ विमानाच्या संदर्भात)

प्रस्तावना :

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून ‘पस मॉथ’ जातीच्या छोट्या विमानातून उड्डाण केले व अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. मुंबईपासून मद्रासपर्यंतचा पुढील टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. पुढे ‘एअर इंडिया’ म्हणून नावारूपास आलेल्या हवाई सेवेचा हा आरंभ होय. या घटनेचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून वारंवार येतो. परंतु ते विमान कसे होते, त्याचे पंख कशाच्या आधारावर टिकत होते, याची कल्पना वाचकास क्वचितच येते. काचेच्या कपाटात ठेवलेली प्रतिकृती विमानाचे केवळ रूप दाखविते. उडणारी प्रतिकृती मात्र त्या रूपामागील कारणे शोधावयास भाग पाडते.

अशी प्रतिकृती करताना दोन अपेक्षा परस्परविरोधी ठरतात. ती मूळ विमानासारखी दिसावी, तसेच ती सुरक्षितपणे उडावी. दिसण्यासाठी जोडलेल्या प्रत्येक वस्तूस वजन असते आणि त्या वजनाची किंमत उड्डाणात मोजावी लागते. यास्तव तपशील हे बांधणी पूर्ण झाल्यावर चढवावयाचे अलंकार नसून, पहिली पट्टी चिकटविण्यापूर्वीच वजनाच्या हिशेबात धरावयाचा तो एक भाग आहे, ही या लेखाची मुख्य भूमिका होय. प्रस्तुत लेखात ‘पस मॉथ’च्या एक-चतुर्थांश प्रमाणातील प्रतिकृतीच्या आधारे ती स्पष्ट केली आहे.

विमानाची निवड व साधनसामग्री :

ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे ‘डी.एच. ८०-ए पस मॉथ’ हे उंच पंखांचे, बंद केबिनचे, तीन आसनी विमान होते. त्याच्या पंखांचा विस्तार ११.२० मीटर, लांबी सुमारे ७.६२ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २०.६ चौरस मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे ९३० किलोग्रॅम होते. त्यास ‘जिप्सी थ्री’ हे १२० अश्वशक्तीचे इंजिन बसविलेले असे. धड पोलादी नळ्यांचे, पंखांचा सांगाडा लाकडी आणि त्यावर कापडाचे आवरण, अशी त्याची रचना होती. सरळ कडांचे पंख, पंखांखालील आधारदांडे व साधे धड यांमुळे ते प्रतिकृतीसाठी सोयीचे ठरते.

मोजमापांसाठी तीन बाजूंची रेखाचित्रे आणि शक्य तितकी छायाचित्रे आवश्यक असतात. येथे इतिहासाच्या अभ्यासकाचे साहाय्य मोलाचे ठरते. एकाच जातीच्या दोन विमानांत रंग, नोंदणी-अक्षरे व दुरुस्त्या भिन्न असू शकतात. म्हणून केवळ ‘पस मॉथ’ करावयाचे असे न ठरविता, कोणते विमान व त्याची कोणत्या वर्षीची अवस्था, हे निश्चित करणे अगत्याचे आहे.

प्रमाणाचे गणित :

एक-चतुर्थांश प्रमाण म्हणजे सर्व काही चौथा हिस्सा, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो केवळ लांबीपुरता खरा आहे. लांबी चौथा हिस्सा झाली की क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होते आणि घनफळ चौसष्टावा. त्यानुसार या प्रतिकृतीचा पंखविस्तार २.८० मीटर, लांबी सुमारे १.९० मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १.२९ चौरस मीटर आणि घनप्रमाणात वजन सुमारे १४.५ किलोग्रॅम येते. मूळ विमानाच्या पंखांच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४५ किलोग्रॅम भार होता, तर प्रतिकृतीत तो सुमारे ११ किलोग्रॅम राहतो.

हे वजन तत्त्वतः योग्य वाटते. कारण अशी प्रतिकृती मूळ विमानाच्या साधारण निम्म्या वेगाने, परंतु त्याच डौलात उडावयास हवी. व्यवहारात एक अडचण येते. हवा मात्र लहान होत नाही. पंखाची रुंदी व वेग यांवर अवलंबून असणारा रेनॉल्ड्झ अंक मूळ विमानासाठी प्रवासी वेगात ५० लाखांहून अधिक असतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या प्रतिकृतीसाठी तो सुमारे साडेचार लाखांवर येतो. हा अंक घटला की पंखाची कमाल उत्थापनक्षमता कमी होते. म्हणून प्रतिकृती घनप्रमाणाने येणाऱ्या वजनापेक्षा हलकी असणे हिताचे ठरते. १० किलोग्रॅमचे लक्ष्य त्या दृष्टीने वाजवी आहे.

स्थानिक हवामानाचाही येथे विचार करावा लागतो. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर गेले असता तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. उत्थापन गुणांक १.२ धरल्यास अशा हवेत १० किलोग्रॅमची प्रतिकृती ताशी सुमारे ३९ किलोमीटरखाली स्टॉल होईल, म्हणजे पंख तिला तोलून धरू शकणार नाहीत. वजन १४.५ किलोग्रॅम असल्यास हीच मर्यादा ताशी सुमारे ४७ किलोमीटरवर जाते. ताशी आठ किलोमीटरचा हा फरक उतरताना निर्णायक ठरतो. सकाळच्या थंड व शांत हवेत उड्डाण करण्याचा संकेत याच कारणाने पडला आहे.

सांगाड्याची बांधणी :

वजनाची वाटणी आरंभीच लिहून ठेवावी. १० किलोग्रॅमपैकी सांगाड्यास ४, मोटर व बॅटरीस ३, रिसीव्हर, सर्व्हो व तारा यांस १, आवरण व रंगास १ आणि तपशिलास १ किलोग्रॅम, अशी एक वाटणी करता येईल. प्रत्येक भाग तयार होताच तोलून त्याची नोंद ठेवावी. एका खात्यात वाढ झाली, तर ती दुसऱ्या खात्यातून भरून काढावी लागते. या दृष्टीने हे काम अंदाजपत्रकासारखेच आहे.

सांगाड्यासाठी बाल्सा हे लाकूड प्रामुख्याने वापरले जाते. त्याची घनता दर घनमीटरला साधारण १०० ते २०० किलोग्रॅम असते; सागवानाची घनता ६०० किलोग्रॅमहून अधिक भरते. मात्र सर्वत्र बाल्सा वापरणे योग्य नव्हे. पंखाचा भार वाहणाऱ्या स्पारसाठी स्प्रूससारखे सरळ रेषेचे लाकूड, तर मोटर व चाके बसविण्याच्या जागी बर्च प्लायवुड आवश्यक ठरते. जेथे ताण आहे तेथे बळकट आणि जेथे केवळ आकार द्यावयाचा आहे तेथे हलके, हे येथील सूत्र होय.

प्रतिकृती कोठे तयार होणार, हाही प्रश्न रचनेवर परिणाम करतो. मस्तगडसारख्या जालना शहराच्या जुन्या व दाट वस्तीच्या भागातील एखाद्या खोलीत २.८० मीटरचा अखंड पंख वळविणे किंवा जिन्यावरून उतरविणे कठीण होय. म्हणून दोन्ही पंख धडापासून सुटे होणारे करावेत व ते नळीच्या सांध्याने जोडावेत. मूळ ‘पस मॉथ’चे पंखही लहान जागेत विमान ठेवता यावे यासाठी मागे दुमडता येत असत. नव्वद वर्षांपूर्वीच्या अभियंत्यापुढील अडचण अशा रीतीने आजच्या विद्यार्थ्यापुढेही उभी राहते.

तपशील आणि त्यांची किंमत :

तपशिलाची निवड करताना तो किती अंतरावरून पाहिला जाणार, याचा विचार करावा. मानवी डोळा साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद ओळखू शकतो. ३० मीटर अंतरावर हा भेद सुमारे ९ मिलिमीटर भरतो, तर ३ मीटरवर एक मिलिमीटरहून कमी. म्हणजे उड्डाणात एकंदर आकार, रंगांच्या सीमारेषा व नोंदणी-अक्षरे यांनाच महत्त्व असते. केबिनमधील उपकरणफलक केवळ जमिनीवर दिसतो. असा फलक जाड कागदावर छापून केला तरी पुरतो. धातूचा करण्याचे कारण नाही.

कापडाच्या आवरणाचे उदाहरण बोलके आहे. मूळ विमानांत कापड पंखाच्या रिब्जना दोऱ्याने शिवीत आणि त्या शिवणीवर दातेरी कडांची कापडी पट्टी चिकटवीत. कडा दातेरी असल्याने कापडाचे धागे सुटत नसत. मूळ पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर प्रतिकृतीत ती सव्वा सेंटिमीटरची करावी. शिंप्याकडील दातेरी कात्रीने अशी पट्टी सहज कापता येते. शिवणीचे उंचवटे पातळ गोंदाच्या समान अंतरावरील थेंबांनी दाखविता येतात. या कामास चिकाटी पुष्कळ लागते. वजन मात्र अल्प वाढते.

रंगाच्या बाबतीत स्थिती याच्या उलट आहे. या प्रतिकृतीत रंगवावयाचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर येते. वाळलेल्या रंगाचा एक थर दर चौरस मीटरला ५० ग्रॅम धरला, तरी प्रत्येक जादा थरामागे २०० ग्रॅम वाढतात. अतिशय चकचकीत पृष्ठभाग मिळविण्याच्या हौसेपायी तपशिलाचे संपूर्ण खाते रिकामे होऊ शकते.

तोल आणि शेपटीकडील वजन :

प्रतिकृतीचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढील कडेपासून साधारण २५ ते ३० टक्के अंतरावर असावा. येथे पंखाची सरासरी रुंदी ४६ सेंटिमीटर असल्याने हे अंतर सुमारे साडेअकरा ते चौदा सेंटिमीटर येते. तो मागे सरकल्यास विमान अस्थिर होते. शेपूट गुरुत्वमध्यापासून १२५ सेंटिमीटर मागे आणि नाकातील भार ४५ सेंटिमीटर पुढे धरल्यास, शेपटीवरील प्रत्येक जादा ग्रॅमसाठी नाकात सुमारे २.८ ग्रॅम शिसे घालावे लागते. शेपटीवर १०० ग्रॅम वाढले, तर एकूण वजनात जवळजवळ ३८० ग्रॅमची भर पडते. तरफेचा हा नियम शालेय स्तरावर शिकविला जातो. त्याचा इतका प्रत्यक्ष प्रत्यय मात्र क्वचितच येतो.

एका लहान दांड्याचा धडा :

१९३० च्या दशकारंभी ‘पस मॉथ’ जातीच्या काही विमानांचे पंख उड्डाणातच निखळून प्राणहानी झाली. त्यानंतरच्या तपासातून पंखांच्या पुढील आधारदांड्यास एक लहान जोडदांडा देण्यात आला. प्रतिकृतीच्या दृष्टीने हा केवळ काही सेंटिमीटरचा तपशील आहे. परंतु तो ज्या विमानावर दिसतो, ते विमान या दुरुस्तीनंतरचे असते. तो वगळणे अथवा चुकीच्या वर्षाच्या विमानावर बसविणे म्हणजे इतिहास चुकीचा सांगणे होय. निवडलेल्या विमानाच्या छायाचित्रावरून त्याची खातरजमा करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या घटनेचा दुसरा अर्थ थेट सुरक्षिततेशी निगडित आहे. हवेच्या प्रवाहातून ऊर्जा घेत पंखाची किंवा नियंत्रक पट्टीची फडफड वाढत जाते, तीस फ्लटर म्हणतात. ती प्रतिकृतीतही संभवते. सर्व्होपासून एलेरॉनपर्यंतच्या जोडणीत ढिलाई असणे, बिजागऱ्या सैल असणे किंवा पट्टीचा मागील भाग रंगाने जड होणे, ही तिची नेहमीची कारणे होत. आधारदांडे केवळ शोभेचे आहेत की प्रत्यक्ष भार वाहणारे, याचाही निर्णय आरंभीच घ्यावा लागतो. ते भार वाहणारे असतील, तर त्यांच्या टोकांच्या खिळपट्ट्या धातूच्या व तपासलेल्या असाव्यात. शोभेचा दांडा भार वाहणारा आहे असे गृहीत धरणे, ही अशा बांधणीतील सर्वांत घातक चूक ठरू शकते.

उड्डाणपूर्व परीक्षण व नियम :

पंखांची कसोटी साध्या साधनांनी घेता येते. आधारदांडे जोडलेल्या अवस्थेत प्रतिकृती उलटी ठेवून पंखांवर वाळूच्या पिशव्या सम प्रमाणात मांडाव्यात. वजनाच्या चौपट भार पंखांनी सहन करावा असे ठरविल्यास, १० किलोग्रॅमच्या प्रतिकृतीसाठी पंखांच्या स्वतःच्या वजनासह एकूण ४० किलोग्रॅम भार होईल. त्याखाली तडकण्याचा आवाज किंवा कायमचा वाक आढळल्यास उड्डाणाचा विचार सोडून द्यावा. त्यानंतर रेडिओच्या पल्ल्याची चाचणी, संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद होते की नाही याची तपासणी आणि प्रत्येक पट्टी योग्य दिशेने हलते याची खात्री, हा क्रम पाळावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १० किलोग्रॅमच्या वस्तूची गतिज ऊर्जा सुमारे १,४०० ज्यूल असते. प्रेक्षकांस दूर व एकाच बाजूस ठेवण्याचे कारण यावरून ध्यानी येईल.

‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार शिक्षण, संशोधन, चाचणी वा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोग्रॅमपर्यंतच्या दूरनियंत्रित प्रतिकृतींस टाइप सर्टिफिकेटची अट नाही. तथापि ही सूट सर्वांगीण नव्हे. उड्डाणाची जागा हवाई क्षेत्राच्या नकाशावर कोणत्या विभागात येते, तसेच नोंदणी, प्रमाणपत्र व विमा यांच्या कोणत्या तरतुदी लागू होतात, हे प्रत्येक वेळी तपासून घेण्याची जबाबदारी संस्थेची असते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मोठी विमान-प्रतिकृती ही एका विद्याशाखेची मक्तेदारी नव्हे. छायाचित्राचा काळ ठरविण्यास इतिहास, भार मोजण्यास भौतिकशास्त्र, वाटणी करण्यास वाणिज्याची शिस्त, कापड व लाकूड हाताळण्यास शिंपी व सुतार यांचे कौशल्य आवश्यक असते. जालन्यासारख्या पोलाद उद्योगाच्या शहरात धातूकाम जाणणारे कारागीरही सहज उपलब्ध आहेत. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृती हा विषय दीर्घकाळ शिकविला जात आहे. महाविद्यालयांच्या नियमित विभागांनीही त्याकडे छंद म्हणून न पाहता आंतरविद्याशाखीय प्रकल्प म्हणून पाहावे. प्रत्येक तपशिलास दोन प्रश्न विचारले जावेत : तो मूळ विमानात का होता, आणि त्याचे वजन किती भरेल? ज्या तपशिलास ही दोन्ही उत्तरे मिळतील, तोच प्रतिकृतीवर राहावा.