श्रमदानानंतर ताप आला तर...

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे उजाड डोंगरांवर माणसांनी झाडे लावून घडवलेले अभयारण्य. अशा कामाला पावसाळ्यात जाणाऱ्या स्वयंसेवकांचे मला कौतुक वाटते. एक खबरदारी मात्र घ्यावी. झुडपांत आणि गवतात गोचिडीच्या जातकुळीतला एक बारीक किडा असतो. त्याच्या चाव्याने ‘स्क्रब टायफस’ होऊ शकतो. साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी थंडी-ताप, डोकेदुखी सुरू होते. काहींच्या काखेत, जांघेत काळी खपली दिसते. वेळीच योग्य औषध मिळाल्यास रुग्ण लवकर बरा होतो. उशीर जिवावर बेतू शकतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे घालावेत. परतल्यावर अंघोळ करून कपडे धुवावेत. ताप आलाच, तर डॉक्टरांना न विचारताच सांगावे, ‘मी रानात गेलो होतो.’