विलायतेच्या विद्यापीठात शिकायचे तर

जव्हार-मोखाड्याचा विद्यार्थी आणि लंडनचे विद्यापीठ ही नावे एका वाक्यात आली की पुष्कळांना हसू येते. परंतु नाते वाटते तेवढे दूरचे नाही. आपल्या भागातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत आणि ते विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाचाच नमुना समोर ठेवून. आपल्या मुलांना मिळणारी तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. ही पदवी एम.ए. वा एम.एस्सी.साठी तेथील बहुतेक विद्यापीठे ग्राह्य धरतात. गुण मात्र साधारण पंचावन्न-साठ टक्क्यांच्या वर असावे लागतात. नामवंत ठिकाणी त्याहून जास्त. तेव्हा गुणांच्या कुंपणापाशी आपल्याकडील सगळीच मुले अडतात असे नाही. ती अडतात पुढे, कागद, पैसा आणि तारखा यांच्या फेऱ्यात. बँकेत कारकुनी करताना या तीन गोष्टींशी आमचा रोजचा संबंध येतो, म्हणून प्रस्तुत लेखात त्यांवरच अधिक भर दिला आहे.

या वाटेने आपल्यापैकी सर्वात आधी कोण गेले हे सांगायला नको. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनच्या शिक्षणाकडे आपण अभिमानाने पाहतो, विद्यार्थ्याच्या नजरेने क्वचितच. त्या नजरेने पाहिले तर आजच्या अर्जदाराला लागणारे बहुतेक सारे त्यात सापडते. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची, आणि परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर मिळालेली. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले तेव्हा कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले होते. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण येताना त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरचे शाहू महाराज यांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो सुधारून दिल्यावर १९२३ साली पदवी मिळाली. शिफारसपत्र, लेखी परवानगी, शिष्यवृत्तीची मुदत, कर्ज, परत आलेला प्रबंध या पाचही गोष्टी आजच्या विद्यार्थ्यापुढे तशाच उभ्या राहतात.

आता प्रत्यक्ष रीत. बारावीनंतर पदवीसाठी जायचे असेल तर 'युकास' या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. एका अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि बहुतेकांसाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत मुदत असते. आपल्या राज्य मंडळाची बारावी काही विद्यापीठे थेट स्वीकारतात, काही आधी एक पायाभूत वर्ष करायला लावतात. तीन-चार वर्षांचा खर्च आणि सतरा-अठराचे वय पाहता हा मार्ग आम्ही आपल्या मुलांना सुचवणार नाही. पदवी येथे घ्यावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी जावे. तेथील एम.ए., एम.एस्सी. बहुधा एका वर्षाची असते, सप्टेंबरअखेर सुरू होऊन पुढच्या सप्टेंबरला प्रबंधिका देऊन संपते. त्यासाठी अर्ज थेट त्या विद्यापीठाकडे करायचा. त्यासोबत गुणपत्रिकांचे विद्यापीठाने दिलेले अधिकृत उतारे, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि स्वतःविषयीचे निवेदन लागते.

शिफारसपत्राच्या बाबतीत एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडून प्राध्यापकांना थेट ई-मेल जातो आणि उत्तर महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावरून यावे अशी अपेक्षा असते. आपले सर-मॅडम पुष्कळदा खाजगी पत्ताच वापरतात. त्यांना महिनाभर आधी भेटून, आपण काय शिकायला जात आहोत ते एका पानावर लिहून द्यावे. 'विद्यार्थी सालस व होतकरू आहे' एवढ्या वाक्यावर तेथे कोणी प्रवेश देत नाही.

निवेदनात बहुतेक मुले बालपणापासूनच्या आवडीने सुरुवात करतात, ते टाळावे. मोखाडा-जव्हारच्या मुलापाशी सांगण्यासारखे खूप आहे. दिवाळी झाली की भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे, रोजगार हमीच्या कामाची मजुरी उशिरा आल्यावर दुकानदाराच्या वहीत वाढणारी उधारी, १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवलेले कुपोषण. हे आपण पुस्तकात नव्हे, दारात पाहिले आहे. अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा समाजशास्त्राच्या अर्जात हे आकड्यांसह आणि नेमक्या प्रश्नासह मांडले तर वाचणारा थांबतो. दया मागू नये, प्रश्न मांडावा.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस ही परीक्षा सर्वत्र चालते. साडेसहा ते सात गुण मागतात, निकाल दोन वर्षे ग्राह्य राहतो, शुल्क अठरा हजार रुपयांच्या आसपास आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला वाचन-लेखन सहा महिन्यांत जमते. ऐकणे आणि बोलणे अडते. त्यावर रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकून त्या मोठ्याने सांगणे, याहून स्वस्त शिकवणी आम्हाला ठाऊक नाही.

आता पैशाकडे वळू. परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाची फी साधारण वीस ते पस्तीस हजार पौंड असते, काही ठिकाणी अधिक. ही रक्कम पाहून कागद मिटवू नये, कारण शिष्यवृत्त्या नेमक्या याच खर्चासाठी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून दरवर्षी पंचाहत्तर जागा असतात. पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करायचा. क्यूएस क्रमवारीत पहिल्या दोनशेत विद्यापीठ असावे लागते. उत्पन्नाच्या व गुणांच्या अटी अलीकडे एकाहून अधिक वेळा बदलल्या आहेत, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत एकशे पंचवीस जागा असून त्यांपैकी एकशे पंधरा अनुसूचित जातींसाठी आहेत; वय पस्तीसच्या आत, गुण किमान साठ टक्के, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत.

आपल्या भागातील आदिवासी बांधवांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे. वीस जागांपैकी तीन अतिमागास आदिम जमातींसाठी राखीव आहेत, आणि महाराष्ट्रातील अशा जमातींत आपल्या शेजारची कातकरी जमात येते. देशभरातून तीनच जागा खऱ्या, परंतु कातकरी वाडीतील पदवीधराला हे कोणी सांगितलेलेच नसते. राज्याच्या योजनेसाठी जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. दोन वर्षे नोकरी झालेल्या शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक यांनी ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचाही विचार करावा. तिला वयाची अट नाही, मात्र नंतर दोन वर्षे मायदेशी परत यावे लागते.

केंद्राच्या योजनेतील एक अट आम्हाला खटकते. २०२२ साली नियमांत असे घातले गेले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे मोखाड्याच्या कुपोषणावर लंडनमध्ये संशोधन करू पाहणारा मुलगा अडचणीत. कलाशाखेच्या पदवीधरांवर याचा भार अधिक पडतो. तेव्हा विषयाची मांडणी करण्याआधी त्या वर्षीचे नियम शब्दशः वाचावेत.

आणि आता तारखांचा फेरा. केंद्राची शिष्यवृत्ती विनाअट प्रवेशपत्र मागते. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज केला तर विद्यापीठ 'पदवीचा निकाल आल्यावर' अशा अटीचे पत्र देते. आपला निकाल लांबला की अट सुटत नाही, तोवर शिष्यवृत्तीची मुदत गेलेली असते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की पदवी हातात आल्यावर एक वर्ष राखून ठेवावे. त्या वर्षी जून-जुलैत उतारे काढावेत, दिवाळीच्या आत इंग्रजीची परीक्षा द्यावी, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विद्यापीठांना अर्ज करावेत. मग केंद्राची जाहिरात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि राज्याची त्यानंतर उन्हाळ्यात येते तेव्हा पत्र तयार असते. घरचे म्हणतील, वर्ष वाया जाते. ते वर्ष वाया जात नाही, हे आई-वडिलांना संस्थेतील वडीलधाऱ्यांनी समजावून सांगावे.

याच काळात कागद जुळवावेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर आडनाव गायब, हा प्रकार आम्ही खाती उघडताना रोज पाहतो. जातवैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट ही कामे महिने खातात. बौद्ध कुटुंबांनी आणखी एक लक्षात घ्यावे. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन मिळाल्या; त्यामुळे केंद्राच्या योजनेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच हवा. राज्याचा दाखला जोडून अर्ज बाद करून घेऊ नये.

व्हिसासाठी विद्यापीठ 'कॅस' नावाचा क्रमांक देते. त्यानंतर ब्रिटिश गृहखाते विचारते की राहण्या-खाण्याचे पैसे कुठे आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा हिशेब आहे, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ पौंड. ही रक्कम खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असावी लागते आणि एक दिवसही खाली जाता कामा नये. खाते स्वतःचे किंवा आई-वडिलांचे चालते. मामाचे, काकांचे, थोरल्या भावाचे चालत नाही. चार दिवसांसाठी उसने आणून पासबुकावर नोंद करून घेण्याची आपल्याकडील रीत येथे निरुपयोगी आहे. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर तेवढ्या रकमेपुरती ही अट सुटते. पण २०२४-२५ च्या केंद्रीय नियमांत ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाहभत्ता ९,९०० पौंड होता. तो ब्रिटिश सरकारच्या नऊ महिन्यांच्या किमान हिशेबापेक्षाही कमी आहे. फरक विद्यार्थ्याने दाखवायचा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून निर्धास्त झालेल्या घरावर ही वेळ ऐन ऑगस्टमध्ये येते.

त्या फरकासाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे. कर्जमंजुरीचे पत्र व्हिसासाठी चालते, त्याला अठ्ठावीस दिवसांची अट नाही. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, चार लाखांच्या वर जामीनदार लागतो. साडेसात लाखांच्या वर तारण लागते आणि तेथे आपला भाग अडतो, कारण आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याचे निर्बंध असल्याने बँका ती तारण घ्यायला सहसा राजी नसतात. म्हणून कर्जाची रक्कम या मर्यादेत बसवावी. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. याखेरीज आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाची वेगळी फी आणि मान्य दवाखान्यातील क्षयरोग तपासणी हा खर्च आधीच धरावा. एजंटाच्या हाती मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत. विद्यापीठे त्यांना दलाली देतात, त्यामुळे त्यांची यादी त्यांच्या सोयीची असते.

तेथे पोहोचल्यावर पहिला धक्का थंडीचा नसतो, गुणांचा असतो. शंभरपैकी पन्नासला उत्तीर्ण, साठला चांगला, सत्तरला विशेष प्रावीण्य. येथे पंचाहत्तर टक्के घेतलेल्या मुलाला पहिल्या निबंधाला अठ्ठावन्न पडले की तो खचतो. खचू नये, ते ठीक गुण आहेत. तास थोडे, वाचन फार. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची आणि त्यांचे मत खोडायचे, हेही अपेक्षितच. पाठ केलेले उत्तर किंवा आधार न सांगता घेतलेला परिच्छेद मात्र चौकशीपर्यंत जातो. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते, त्यावर फी निघेल असा हिशेब कोणी सांगितल्यास मानू नये. शिक्षणानंतर तेथे राहून नोकरी शोधण्याची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अठरा महिन्यांवर येत आहे. मात्र शासकीय शिष्यवृत्तीच्या करारात परत येण्याविषयी काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी पाहावे.

यंदा पदवी झालेल्यांनी विद्यापीठाच्या उताऱ्यांचा अर्ज या महिन्यातच करून टाकावा. नावांतील तफावत, खाते आणि कर्जाचे कागद याबाबत शंका असल्यास रविवारी संस्थेच्या कार्यालयात कागद घेऊन यावे. आम्ही पाहून देऊ.