ब्यूनस आयर्स ते इग्वाझू: सॅक पाठीवर, पण आधी पासपोर्ट टेबलावर



मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन अर्जेंटिनाला जायचा त्यांचा बेत आहे. पुण्याहून आलेले सासू-सासरेही बरोबर असणार. ताई विचारत होत्या, "ब्यूनस आयर्स बघून पुढे इग्वाझूच्या धबधब्यापर्यंत, टूर कंपनी न घेता, सॅक पाठीवर टाकून जाता येईल का? की सरळ विमानाने जाऊन फोटो काढून परत यावं?"

आम्ही दोघं आणि आमची लेक हाच प्रवास करून आलो आहोत, म्हणून आजचा भाग मी घेतेय. उत्तर आधीच सांगते. जाता येतं, आणि जमलं तर एकीकडचा प्रवास बसने कराच. पण सॅक भरण्याआधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा. आपल्याकडे एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट असतात, आणि हा धबधबा नेमका दोन देशांच्या सीमेवर आहे.

अमेरिकन पासपोर्टवर पर्यटक म्हणून अर्जेंटिनात 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. भारतीय पासपोर्टवर मुळात व्हिसा लागतो. मात्र ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्यांच्यासाठी अर्जेंटिनाने 2025 मध्ये नियम सैल केले. तुमचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, की ग्रीन कार्ड आहे, यावर उत्तर बदलतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माहितीवर न जाता अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासाकडे विचारा, आणि तिकीट काढण्याआधी विचारा. सासू-सासऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा परत येण्याच्या दिवशीही चालू असायला हवा, हेही बघून ठेवा.

आता ब्राझील. भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा व्हिसा लागतो. 10 एप्रिल 2025 पासून अमेरिकन पासपोर्टलाही ई-व्हिसा लागतो. बऱ्याच जणांना वाटतं की ओसीआय कार्ड दाखवलं की काहीतरी होईल. ते कार्ड भारतात जाण्यासाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. धबधबा ज्या मिसिओनेस प्रांतात आहे, तिथे जाणाऱ्यांना ही लस घ्यायला सांगतात. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी तिचं प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढच्या माणसांना या लसीचा गंभीर त्रास होण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे आजी-आजोबांनी ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. याला आणखी एक धागा जोडलेला आहे. पीतज्वराच्या देशांच्या भारताने केलेल्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही आहेत. तिथून निघाल्यापासून 6 दिवसांच्या आत कोणी प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलं, तर त्यांना 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. म्हणून सासू-सासऱ्यांनी लस घेतली नसेल, तर सहलीनंतर त्यांना आठवडा-दहा दिवस आपल्या घरी ठेवून घ्या आणि मग मुंबईच्या विमानात बसवा.

(संगीत)

आता शहरात शिरूया. ब्यूनस आयर्सला तीन दिवस द्या. डिसेंबरमध्ये तिथे उन्हाळा असतो, तेव्हा सकाळी लवकर बाहेर पडा. मेट्रोला तिथे 'सुब्ते' म्हणतात. तिचा 'ए' मार्ग 1913 साली सुरू झाला, लॅटिन अमेरिकेतला तो पहिला. बस आणि मेट्रोसाठी 'सुबे' नावाचं कार्ड घ्या. सॅन तेल्मो भागात दर रविवारी देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे हिंडताना सॅक पुढे, पोटावर घ्या. ला बोकातली रंगीत पत्र्याची घरं दिवसाउजेडी बघा आणि कामिनितोच्या आसपासच राहा.

जमवता आलं तर गुरुवार शहरात काढा. दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो या चौकात जा. 1976 ते 1983 या काळात देशावर लष्करी हुकूमशाही होती आणि हजारो माणसं बेपत्ता केली गेली. 30 एप्रिल 1977 रोजी काही आया याच चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोर, आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला जमल्या. जमाव करून उभं राहायला बंदी होती, म्हणून त्या चालत राहिल्या. डोक्याला पांढरा रुमाल ही त्यांची खूण झाली. दर गुरुवारची ती फेरी पुढे चालू राहिली. फरशीवर रंगवलेले ते पांढरे रुमाल बघून आमच्या लेकीने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं देता देता आमची संध्याकाळ गेली. मुलं बारा-तेराच्या पुढची असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

खाण्याची काळजी करू नका, पण सावध राहा. हा देश मांसाहारी आहे, आणि 'मांस नको' म्हटलं तरी हॅम येऊ शकतं, कारण अनेकांच्या लेखी हॅम हे काही मांस नव्हे. तेव्हा तिन्ही शब्द पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, हॅम नको. एम्पनादा ही भाजलेली करंजी समजा. तिच्यात मक्याचं किंवा चीज-कांद्याचं सारण मागा. पिझ्झाच्या दुकानात 'फाइना' मिळते, ती तर चक्क हरभऱ्याच्या पिठाची. आपलं जाड धिरडंच, फक्त भट्टीत भाजलेलं. तिथले लोक ते पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात.

शहर सोडण्याआधी कोस्तानेरा सूर भागात जाऊन नदी बघा. रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. रंग मात्र गढूळ तपकिरी, आणि पात्र इतकं रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. हे पाणी लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

(संगीत)

लांब पल्ल्याच्या बस रेतीरो स्थानकातून सुटतात. पुएर्तो इग्वाझू गावापर्यंत अंतर सुमारे 1300 किलोमीटर आहे आणि 17 ते 20 तास लागतात. ऐकून घाबरू नका. 'सेमी-कामा' म्हणजे अर्धी मागे जाणारी खुर्ची, तर 'कामा' म्हणजे एका ओळीत तीनच रुंद खुर्च्या. कामाच घ्या. गाडीत एसी फार थंड असतो, म्हणून शाल किंवा जाड जॅकेट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. सामान डिकीत टाकताना मिळालेली पावती जपा, उतरताना ती दाखवावी लागते. सामान चढवणाऱ्याला थोडे सुटे पैसे द्यायची रीत आहे. आणि बरोबर फळं, ब्रेड, चीज ठेवा, कारण बसमध्ये जेवण मिळालंच तर त्यात हॅम असणार.

आजी-आजोबांना मात्र या बसमध्ये बसवू नका. शहरातल्याच आएरोपार्के विमानतळावरून दोन तासांच्या आत विमान इग्वाझूला पोचतं. एकाने त्यांच्याबरोबर विमानाने जावं, दुसऱ्याने मुलांना घेऊन बसने. धबधब्याच्या गावी सगळे भेटा.

आता एवढा वेळ बसमध्ये का घालवायचा? तर शहराबाहेर पडल्यावर बस पराना नदीच्या त्रिभुज प्रदेशावरचे उंच पूल ओलांडते आणि एंत्रे रिओस प्रांतात शिरते. या नावाचा अर्थच 'नद्यांच्या मधला', म्हणजे आपण ज्याला दोआब म्हणतो तो. एका बाजूला पराना, दुसऱ्या बाजूला उरुग्वे. याच दोन नद्या मिळून ती चांदीची नदी होते. म्हणजे रात्रभर तुम्ही पाण्याच्या उलट दिशेने, वर चाललेले असता.

शेजारचा प्रवासी बहुधा 'माते' पीत असतो. येर्बा माते या झाडाच्या पानांचं हे कडू, गरम पेय एकाच तुंब्यातून, एकाच धातूच्या नळीने सगळे आळीपाळीने पितात. माझ्यापुढे तुंबा आला. मी एक घोट घेतला आणि सभ्यपणे 'ग्रासियास' म्हटलं. मग तुंबा सगळीकडे फिरला, माझ्याकडे काही परत आला नाही. नंतर कळलं की माते परत देताना 'ग्रासियास' म्हणणं म्हणजे 'पुरे, आता नको'. तेव्हा आणखी हवं असेल तर फक्त हसून तुंबा परत द्या.

पहाटे डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेरची माती लाल झाली होती, कोकणातल्यासारखी. दोन्हीकडच्या मातीचं मूळ एकच आहे: उष्ण, पावसाळी हवेत कुजत गेलेला काळा बसाल्ट खडक. मिसिओनेस म्हणजे 'मिशन'. सतराव्या शतकात जेसुइट पाद्री आणि इथले मूळचे ग्वारानी लोक यांच्या वसाहती इथे होत्या. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेसुइटांना हाकललं आणि त्या ओस पडत गेल्या. त्यातल्या सॅन इग्नासिओ मिनीचे लाल दगडाचे अवशेष आज जागतिक वारसा आहेत. एक दिवस हाताशी असेल तर प्रवास तिथे तोडा. मुलांचे पायही मोकळे होतात.

(संगीत)

'इग्वाझू' हा शब्द ग्वारानी भाषेतला. 'इ' म्हणजे पाणी आणि 'ग्वासू' म्हणजे मोठं. ही नदी उगम पावते ब्राझीलमध्ये कुरितिबा शहराजवळच्या डोंगरात. तिथून अटलांटिक समुद्र अगदी जवळ, पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला सुमारे 1300 किलोमीटर जाते. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपली कृष्णाही महाबळेश्वरला, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ जन्मते आणि निघते बंगालच्या उपसागराकडे. इग्वाझू पुढे परानेला मिळते आणि पराना तिचं पाणी ब्यूनस आयर्सला नेते. आपण शहरात पाहिलेल्या गढूळ पाण्यात धबधब्याचाही वाटा होता, तो असा.

खडकाचं नातं तर आणखी जवळचं आहे. सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून दूर जाऊ लागल्या, तेव्हा जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. आपला सह्याद्रीही असाच बनला, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीच्या कड्यात जे आडवे पट्टे दिसतात, तेच इथे पाण्याखाली पायऱ्या होतात. म्हणून इग्वाझू एकाच उडीत पडत नाही. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर रुंदीत, सुमारे 275 धारांनी, बऱ्याच ठिकाणी दोन टप्प्यांत पडतो. सगळ्यात उंच धार आहे 'गार्गांता देल दियाब्लो', म्हणजे सैतानाचा घसा, सुमारे 80 मीटरची.

गावापासून उद्यानाचं फाटक सतरा-अठरा किलोमीटरवर आहे आणि बसस्थानकातून गाड्या मिळतात. दोन दिवस ठेवा. दुसऱ्या दिवसाच्या तिकिटात सवलत मिळते का, हे पहिल्या दिवशीच खिडकीवर विचारा. आत छोटी आगगाडी आहे, त्यामुळे आजी-आजोबांचं चालणं वाचतं. खालच्या वाटेवर पायऱ्या आणि अंगावर येणारे तुषार आहेत. वरची वाट सपाट आहे. सैतानाच्या घशाकडे नदीवरून जाणारी सुमारे 1100 मीटरची पदपथाची वाट आहे. जाण्याआधी ती उघडी आहे ना, हे विचारून घ्या. एरवी इथे सेकंदाला सरासरी 15 लाख लिटर पाणी पडतं. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस आलेल्या पुरात ते 2 कोटी 40 लाख लिटरच्या घरात गेलं आणि वाट बंद करावी लागली.

पाण्याच्या पडद्यातून काळपट पाकोळ्या आरपार जाताना दिसतील. त्यांची घरटी धबधब्यामागच्या खडकावर असतात. आणि लांब नाकाचे कोआती तुमच्या पिशवीवर झडप घालतील. दिसायला गोंडस, पण चावतात. मुलांच्या हातात उघडा खाऊ देऊ नका.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही इग्वाझू आणि परानेच्या संगमावर गेलो. समोर ब्राझील, डावीकडे पॅराग्वे, पायाखाली अर्जेंटिना. त्या दिवशी एका गाडीवाल्याने आम्हाला सांगितलं होतं, "ब्राझीलच्या बाजूला अर्ध्या दिवसात नेऊन आणतो, शिक्क्याचं कोणी विचारत नाही." लेकीच्या अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा काढलेला होता. आमच्या भारतीय पासपोर्टांवर ब्राझीलचा व्हिसा नव्हता. ब्राझीलच्या बाजूने अख्खा धबधबा एका नजरेत दिसतो, हे आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही नाही म्हणालो. व्हिसाशिवाय दुसऱ्या देशात सापडलो तर दंड किंवा हकालपट्टी होऊ शकते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर 'तुम्हाला कधी देशाबाहेर काढलं आहे का' या प्रश्नासमोर 'हो' लिहावं लागतं. ज्यांचं घर, नोकरी, मुलांची शाळा एका व्हिसावर उभी आहे, त्यांना हे परवडत नाही.

लेक रुसली. "मग माझा व्हिसा काढलाच कशाला?" म्हणाली. तिचं बरोबरच होतं. तिचा अर्ज ऑनलाइन होता म्हणून आधी भरला, आणि आमचं 'पुढच्या आठवड्यात बघू' करता करता राहून गेलं. चूक आमची होती, आणि तसं तिला सांगितलं.

तर ताई, बेत जरूर करा. धबधब्याचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, अर्जेंटिनाच्याच बाजूला आहे. एकाच बाजूने पाहिलात तरी पोट भरेल. पण दोन्ही बाजू हव्या असतील तर सगळ्यांचे व्हिसा एकाच दिवशी अर्जाला लावा. आणि सासूबाईंच्या लसीचं डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

परत आल्यावर आम्हाला पुन्हा एक व्हॉइस मेसेज पाठवा.