दोन मिनिटं, तीन फ्यूज आणि एक चालू मोटार

थ्रिलर फिल्मची फक्त सुरुवात करायची. चौघांत, मोबाइलवर, तीही निलंग्यात. जमेल? जमेल की! पण कॅमेरा काढण्याआधी वही काढावी लागेल. आणि एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल : आपण घाबरवणार आहोत ते कुणाच्या भीतीवर?

चार दोस्त एकत्र आले, एकाकडे बरा कॅमेरावाला मोबाइल असला, की फिल्म करायची टूम निघतेच. आणि पहिली फिल्म बहुतेक वेळा थ्रिलरच असते. काळा हुडी घातलेला माणूस, हातात सुरी, मागे धडाड् धडाड् म्युझिक. लोकेशन? लातूर-निलंगा रस्त्यावरची खरोशाची लेणी, नाहीतर औशाचा किल्ला. रविवारी सगळे जातात, दिवसभर शूट करतात, सोमवारी फुटेज बघतात आणि मंगळवारी ग्रुप शांत होतो. कारण सुरी कुणाची, हुडीवाला कोण, तो पळतोय कशाला, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

मग करायचं काय? आधी काम छोटं करायचं. अख्खी फिल्म नको, तिची पहिली दोन मिनिटं करू.

ब्रिटनमधल्या पोरांचा गृहपाठ

ही आयडिया नवी नाही. ब्रिटनमध्ये ओसीआर नावाचं परीक्षा मंडळ आहे. त्यांच्या मीडिया स्टडीज विषयाच्या जुन्या अभ्यासक्रमात आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना हेच काम असायचं. एका नव्या काल्पनिक चित्रपटाची सुरुवात आणि टायटल्स तयार करा, जास्तीत जास्त दोन मिनिटं. गटात चारच्या वर मुलं नकोत. चित्रं आणि आवाज स्वतः टिपलेले हवेत, फक्त संगीत आणि साउंड इफेक्ट कॉपीराइट-मुक्त ठिकाणाहून घेतलेले चालतील. वर्षानुवर्षं शाळाशाळांतून पोरांनी त्यात थ्रिलरच निवडला.

खरी गंमत त्याआधीच्या सरावात होती. एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोरच्या खुर्चीत बसतो आणि दोघं एक-दोन वाक्यं बोलतात. बास, एवढंच शूट करायचं! ऐकायला पोरखेळ वाटतो, पण करून बघा. बाहेरून दाराची कडी काढतानाचा शॉट आणि आतून दार उघडतानाचा शॉट जोडला की हात एकदा उजवा, एकदा डावा निघतो. बोलणारे दोघं समोरासमोर बसलेत, पण स्क्रीनवर दोघंही एकाच दिशेला बघतात. का? कारण दोघांमध्ये एक काल्पनिक रेषा असते आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा लागतो. ती ओलांडली की बघणारा गोंधळतो.

हा सराव चहाच्या हॉटेलात दोन खुर्च्यांवर, अर्ध्या तासात होतो. पैसे लागतात ते चहाचे. तो जमेपर्यंत सुरीला हात लावू नका.

सरप्राइज आणि सस्पेन्स

आल्फ्रेड हिचकॉकनं सांगितलेलं उदाहरण फिल्मवाल्यांना पाठ असतं. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण काही सेकंदच. तेच, बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधीच दाखवला, समोर घड्याळ ठेवलं आणि दोघं निवांत गप्पा मारत बसले, तर तोच प्रेक्षक मिनिटामिनिटाला खुर्चीत सरकतो. दोन्हींत बॉम्ब एकच. प्रेक्षकाला काय आणि कधी कळतं, एवढाच फरक.

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘जॉज’ (१९७५) च्या सुरुवातीला शार्क दिसतच नाही. पोहणारी मुलगी पाण्यात ओढली जाते, तेवढंच. श्रीराम राघवनच्या ‘अंधाधुन’ (२०१८) ची सुरुवात आठवा. कोबीचं शेत, एक ससा आणि त्याच्या मागावर बंदूकवाला. पुण्यातल्या आंधळ्या पियानोवाल्याच्या गोष्टीत ससा कशाला आला, ते शेवटापर्यंत कळत नाही. या सिनेमाची प्रेरणाही एका छोट्या फ्रेंच लघुपटातून आलेली. आणि विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७) तर आपल्या ओळखीच्या जागेवर, उसाच्या फडात घडतो. पुढे त्याचा हिंदीत ‘छोरी’ झाला. उसात माणूस चार पावलं आत गेला की दिसेनासा होतो, हे आपल्याला काय सांगावं लागतं होय?

आपल्याकडचा थ्रिलर शेतात आहे

लेणी सुंदर आहेत, किल्लाही. पण सुंदर जागेची भीती वाटतेच असं नाही. भीती वाटते ती ओळखीच्या गोष्टीत काहीतरी बिनसल्यावर. म्हणून लोकेशन शोधायच्या आधी घरच्यांना विचारा, ‘तुम्हाला भ्या कधी वाटलं?’

मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात एक उत्तर हमखास मिळेल, ते म्हणजे रात्रीची लाइट. शेतीपंपाची थ्री-फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कुणालातरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जावं लागतं. साप, विंचू, चिखल, विहिरीचा काठ. आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे केलंय.

आता समजा, तुमची दोन मिनिटं अशी आहेत. घरात खिळ्याला टांगलेली पिशवी. एक पोरगा त्यातून स्टार्टरचे तीन फ्यूज काढतो, चिनीमातीचे, पांढरे. दुसऱ्या कुणी मोटार चालवू नये म्हणून काढून आणलेले. ते खिशात टाकतो. आई विचारते, ‘कुठं चाललास?’ ‘मोटारीला.’ अंधारात पायवाट. चालताना खिशात फ्यूज एकमेकांवर आपटतायत, किणकिण किणकिण. मग तो थांबतो. किणकिण थांबते. पण एक आवाज चालूच राहतो.

मोटार चालू आहे.

तो खिसा चाचपतो. फ्यूज तिन्ही आहेत. बॅटरीचा झोत पाइपाच्या तोंडावर जातो, पाणी धो धो पडतंय. आणि तेवढ्यात मोटार बंद होते.

टायटल.

रक्त नाही, भूत नाही, हुडी नाही. पण विहिरीपाशी आत्ता, या क्षणाला कुणीतरी उभं आहे, हे बघणाऱ्याला कळलं.

गावातला प्रेक्षक सोडत नसतो

ही गोष्ट मुंबईच्या माणसाला दाखवली तर तो घाबरेल. निलंग्यात दाखवली तर आधी शंका येतील, आणि त्याच तुमच्या खऱ्या परीक्षक. ‘ऑटो स्विच असंल की!’ असू दे, पण फ्यूजच नसतील तर ऑटो तरी मोटार कशी चालवेल? म्हणून फ्यूज खिशात टाकतानाचा शॉट जवळून आणि स्पष्ट हवा. ‘शेजाऱ्याची मोटार असंल.’ म्हणून पाणी त्याच्याच पाइपातून पडताना दिसायला हवं. ‘कुणीतरी तार टाकून डायरेक्ट केलं असंल.’ अगदी बरोबर! कुणीतरी केलंय. ज्याला मोटारीतलं कळतं तो प्रेक्षक इथं जास्त घाबरतो, कारण हे करणारा तयारीनं आलाय, हे त्याच्या ध्यानात येतं.

भाषेचंही तेच. ‘तू काय करतोयस?’ असं विचारणारा आपल्या शिवारातला पोरगा पुण्याहून आल्यासारखा वाटतो. आपल्याकडं तो ‘काय करायलास?’ म्हणणार. संवाद लिहून झाले की घरात मोठ्यानं वाचा. आजी हसली तर वाक्य बदला.

नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केली तेव्हा ते अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकत होते. विद्यार्थ्याची ती शॉर्ट फिल्म, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती थ्रिलर नाही, शाळेची ओढ असलेल्या एका पोराची गोष्ट आहे. पण त्यांनी आपल्या ओळखीचं जग, आपल्या ओळखीच्या बोलीत मांडलं. आपण त्यातून एवढं तरी घेऊ शकतो.

अंधार शूट कसा करायचा?

खऱ्या अंधारात मोबाइलचा कॅमेरा ढेपाळतो. चित्रात नुसते दाणे दिसतात. म्हणून रात्र दिवेलागणीला शूट करा. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाशात निळा उजेड उरतो. एक्स्पोजर लॉक करून थोडं खाली ओढा, हातातली बॅटरी चालू ठेवा, स्क्रीनवर रात्र झाली. हा वेळ दिवसाला एकदाच मिळतो, त्यामुळे एका संध्याकाळी चार-पाचच शॉट निघतील. म्हणजे बाहेरच्या शॉटसाठीच तीन संध्याकाळी धरा. तिन्ही दिवस पोराचा शर्ट तोच हवा. धुवायला टाकू नका!

घरातला शॉट बल्बच्या उजेडात असेल तर चित्रात पट्टे हलताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेटिंगमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवता आलं तर पट्टे जातात किंवा कमी होतात. बॅटरीचा झोत थेट तोंडावर मारू नका. बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरा, झोत तिच्यावर मारा, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो.

आवाज वेगळा घ्या. दुसरा मोबाइल खिशाजवळ धरून फ्यूजची किणकिण, एकदा पावलं, एकदा मोटारीची घरघर. दोन मिनिटांतली निम्मी भीती कानातून येते. संगीत शेवटी, आणि शक्यतो नकोच. मोटार बंद झाल्यावरची शांतता कुठल्याही बॅकग्राउंड म्युझिकपेक्षा भारी पडेल.

आणि हे डोळे मिटून पाळा. शूटच्या वेळी स्टार्टरची पेटी उघडायची नाही, चालू लाइटला हात लावायचा नाही. मोटारीचा आवाज दिवसा रेकॉर्ड करून नंतर जोडता येतो. विहिरीच्या काठावर कुणी उभं राहायचं नाही, सोबत घरचं मोठं माणूस हवंच. शेतमालकाला विचारल्याशिवाय शेतात शिरायचं नाही. आणि हत्यार किंवा पळवापळवीचा सीन रस्त्यावर करायचा असेल तर आधी पोलीस ठाण्यात सांगून ठेवा. बघणाऱ्याला ती फिल्म आहे हे माहीत नसतं.

भीती कुणाची?

आता तो अवघड प्रश्न.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून गूढ आवाज येत होते. रात्री लोक घराबाहेर पडत. भूकंपाच्या सौम्य धक्क्यांची नोंद झाली, तज्ज्ञ येऊन गेले. थ्रिलरवाल्याच्या डोक्यात लगेच पेटेल, ‘अरे, हीच तर ओपनिंग!’

खरंय, ओपनिंग जबरदस्त आहे. पण त्या आवाजानं लोक एवढे का हादरले, ते आठवा. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला शेजारच्या औसा तालुक्यातलं किल्लारी आणि भोवतालची गावं कोसळली. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. आपल्यापैकी अनेकांच्या घरात त्या रात्रीची आठवण अजून जिवंत आहे. आजही भांडं पडल्याचा आवाज आला की काही जण आधी दाराकडे बघतात. त्यांच्यासाठी तो आवाज साउंड इफेक्ट नाही.

मग हा विषय घ्यायचाच नाही का? घ्या. रात्रीची मोटार आपण स्वतः भोगलेली, ती भीती आपली. ही भीती दुसऱ्यांची आहे, म्हणून आधी त्यांच्यापाशी बसा आणि ऐका. त्या वेळचे खरे फोटो, खरी नावं, पडलेली खरी घरं वापरू नका. भिंती पाडून दाखवायची गरजच नाही. अंथरुणात उठून बसलेली एक म्हातारी आणि तांब्यातलं थरथरणारं पाणी पुरे. फिल्म पूर्ण झाली की पहिल्यांदा त्यांनाच दाखवा. त्या म्हणाल्या, ‘हे नको’, तर काढा.

दुसरं, व्हॉट्सॲप. जमिनीतून आवाज येतोय अशी दोन मिनिटांची क्लिप तुमच्या ग्रुपमधून सुटली, नाव-टायटल कापलं गेलं, की ती रात्री अकराला गावोगाव फिरेल आणि माणसं लेकरं घेऊन घराबाहेर येतील. तुम्ही गंमत केलेली असेल, पण ती अफवा झालेली असेल. म्हणून ‘ही काल्पनिक फिल्म आहे’ हे वाक्य शेवटी नको, प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात हवं. फिल्मची मजा थोडी कमी होईल. होऊ द्या.

सात दिवसांचा प्लॅन

दिवस १ : घरातल्या तिघांना विचारा, ‘भ्या कधी वाटलं?’ उत्तरं वहीत लिहा.

दिवस २ : एक प्रसंग निवडा. प्रेक्षकाला काय दाखवायचं, काय लपवायचं, दोन रकाने करा.

दिवस ३ : १२० सेकंदांची शॉट-लिस्ट. वीस ते पंचवीस शॉट, प्रत्येकापुढे सेकंद. चित्र काढता येत नसेल तर काड्यांची माणसं चालतील. संध्याकाळी दार-खुर्चीचा सराव.

दिवस ४, ५, ६ : दिवसा घरातले शॉट आणि आवाज, दिवेलागणीला बाहेरचे शॉट. रोज रात्री फुटेज कॉपी करून ठेवा.

दिवस ७ : एडिट. मग मोबाइलचा आवाज बंद करून बघा, गोष्ट कळते का? मग डोळे मिटून ऐका, कळते का?

आणि शेवटी पारावर चार माणसांना दाखवा. त्यांच्याकडे बघा, स्क्रीनकडे नको. मोटार बंद झाल्यावर तंबाखू मळणारा हात थांबला, तर सुरुवात जमली. कुणी विचारलं, ‘मग पुढं काय झालं रे?’ तर तिसऱ्या मिनिटाची वही उघडा.