बाहेरच्या भिंतीचा खर्च ठरतो आतल्या ओलीवर
मुळशीच्या पावसात गिलावा नव्याने करताना केवळ चौरस फुटाचा दर पुरेसा नाही

पौड (ता. मुळशी) : पावसाळा सरला की मुळशी तालुक्यातील अनेक घरांच्या पश्चिमेकडील भिंती काळवंडलेल्या दिसू लागतात. कुठे गिलाव्याला पोपडे सुटतात, कुठे खिडकीखाली शेवाळाची हिरवी रेघ उमटते, तर कुठे आतल्या खोलीत लोणा फुटून रंग भुकटीसारखा गळू लागतो. मग घरमालक ठेकेदाराला बोलावतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो दराचा : चौरस फुटाला किती? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याच्या उत्तरातून खरा खर्च क्वचितच कळतो. एकाच आकाराच्या दोन घरांच्या अंदाजपत्रकांत मोठी तफावत पडते ती सिमेंटच्या भावामुळे नव्हे. भिंतीत पाणी कोठून शिरते, जुना थर किती निकामी झाला आहे आणि काम कोणत्या महिन्यात हाती घेतले आहे, यांमुळे.

अमेरिकेसारख्या देशांत लाकडी सांगाड्याच्या घरांना बाहेरून फळ्यांचे किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे आवरण ठोकले जाते. ते खराब झाले की पट्ट्या काढून नव्या बसवतात. आपल्याकडे विटांच्या किंवा दगडी भिंतीला हेच संरक्षण गिलावा देतो. फरक इतकाच, की गिलावा भिंतीला चिकटलेला असतो. तो उतरवल्याशिवाय खालची अवस्था पूर्णपणे दिसत नाही आणि अंदाजपत्रक चुकते ते बहुधा येथेच.

एक तालुका, अनेक पाऊस

मुळशीत खर्चाचा विचार पावसापासूनच सुरू करावा लागतो. पूर्वेकडील हिंजवडी, भूगाव हा भाग शहराला जोडलेला. तेथील पाऊस मध्यम. पिरंगुट, पौड ओलांडून मुळशी धरणाच्या जलाशयाकडे जावे तसा तो वाढत जातो आणि ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर त्याला धरबंध राहत नाही. पुणे शहरात वर्षभरात सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२४ मध्ये, २५ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत, ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराच्या वर्षभराच्या पावसाचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा येथे एका दिवसात कोसळला.

त्यामुळे कोथरूडमध्ये आठ-दहा वर्षे टिकलेले काम पाहून तोच प्रकार घाटमाथ्यालगतच्या शेतघराला लावणे फसवे ठरते. येथे पाऊस नुसता वरून पडत नाही, तो वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीवर आदळतो. मोसमी वारे नैऋत्येकडून येत असल्याने झडीचा मारा मुख्यतः पश्चिम व दक्षिण बाजूंवर होतो. कित्येक दिवस ऊन न पडल्याने भिंतीला वाळायला सवड मिळत नाही. गिलाव्यातील केसाएवढी भेगही मग पाणी आत ओढून घेते.

मावळ-मुळशीच्या जुन्या घरांची रचना हे ओळखून केलेली असे. खोल पडव्या, भिंतीच्या बऱ्याच बाहेर आलेली उतरती छपरे, कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप आणि पावसाळ्यापुरता पेंढ्याचा किंवा गवताचा आडोसा, अशी ती व्यवस्था होती. भिंतीवर पाणी येऊच द्यायचे नाही, हे तिचे सूत्र. सपाट गच्ची आणि वीतभर छज्जे असलेल्या आजच्या बंगल्यांत ते सूत्र सुटले आणि सारा भार गिलाव्यावर व रंगावर आला.

आधी निदान, मग दर

ओल दिसते तेथेच पाणी शिरते असे नाही. गच्चीच्या कठड्याला गेलेला तडा, पावसाळी पाण्याच्या नळाचा उसवलेला सांधा, उलटा उतार असलेला खिडकीचा उंबरा किंवा जोत्यातून वर चढणारी जमिनीतील ओल, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. कारण तसेच ठेवून भिंत नव्याने गिलावली, तर दोन-तीन पावसाळ्यांत तेच पोपडे पुन्हा दिसतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

तपासणीची पहिली पद्धत साधी आहे. लहान हातोडीने भिंत ठोकत जावे. घट्ट गिलावा खणखणीत वाजतो. सुटलेला बद्द वाजतो. अशा जागा खडूने आखून घेतल्या, की किती क्षेत्र उतरवावे लागेल याचा अंदाज येतो. बद्द भाग तुरळक असेल, तर तेवढेच तुकडे कापून भरणे आणि वरून जलरोधक रंग देणे पुरते. अर्ध्याहून अधिक भिंत बद्द वाजत असेल, तर डागडुजीपेक्षा पूर्ण गिलावा उतरवणे अखेरीस स्वस्त पडते.

भेगांचेही प्रकार आहेत. जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा लवकर सुकल्यामुळे पडतात. तुळई किंवा खांब आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ भेग असेल, तर तेथे जाळी न बसवल्याची शक्यता अधिक. मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी व वाढत राहणारी भेग पाया खचल्याचे लक्षण असू शकते. डोंगरउतार कापून, भराव टाकून केलेल्या भूखंडांवर याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अशा वेळी गवंड्याआधी संरचना अभियंत्याला बोलावणे श्रेयस्कर. खांबाचे काँक्रीट फुटून गंजलेली सळई दिसत असेल, तर तिच्यावरील उपचार हा गिलाव्याच्या दराबाहेरचा स्वतंत्र खर्च असतो.

एका घराचा हिशेब

समजा, घर ३० फूट बाय ४० फूट असून उंची २० फूट आहे. चारही बाजूंची लांबी १४० फूट, म्हणजे बाहेरील भिंतींचे क्षेत्र २,८०० चौरस फूट झाले. गवंडीकामात गिलाव्याचे १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. या हिशेबाने हे काम २८ ब्रासचे.

दोन थरांचा, एकूण २० मिलिमीटर जाडीचा आणि एकास चार प्रमाणाचा गिलावा धरला, तर एका ब्रासला साधारण दीड गोणी सिमेंट आणि सात ते आठ घनफूट वाळू लागते. संपूर्ण घराला सुमारे ४२ गोण्या सिमेंट आणि दोन ब्रासच्या आसपास वाळू, असा हा हिशेब येतो. येथे वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे ध्यानात ठेवावे.

अंदाजपत्रकात हमखास विसरली जाते ती उतरवलेल्या जुन्या गिलाव्याची विल्हेवाट. तेवढ्याच जाडीचा थर या घरावरून उतरवला, तर जवळजवळ दहा टन राडारोडा निघतो. तो भरणे, वाहून नेणे आणि योग्य जागी टाकणे याला मजूर व वाहन लागते. तो ओढ्यात किंवा रस्त्याकडेला लोटून वाचवलेला पैसा पुढच्या पावसात गावालाच महागात पडतो.

मोजमापाची पद्धतही आधी ठरवावी. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान उघड्या जागा वजा न करणे हे भारतीय मानकांना धरून आहे. मोठ्या खिडक्या-दारांबाबत, छज्ज्यांच्या खालच्या बाजूंबाबत आणि कोपऱ्यांच्या नक्षीबाबत काय धरायचे, हे लेखी नसेल तर अंतिम बिलाच्या वेळी वाद होतो.

उंची, उतार आणि रस्ता

सामानाइतकाच, किंबहुना अधिक, पैसा मजुरीत आणि परांचीत जातो. परांचीचे भाडे दिवसांवर चढते. काम रेंगाळले की तेही वाढते. उतारावरच्या घराची दरीकडील बाजू अनेकदा एका मजल्याने अधिक उंच असते, त्यामुळे तेथे परांची उभी करणे कठीण व खर्चिक होते. येथे काटकसर करणे म्हणजे मजुराच्या जिवाशी खेळ. भक्कम फळ्या, कठडा, शिरस्त्राण आणि सुरक्षापट्टा यांचा खर्च दरात धरला आहे का, हे मालकाने विचारलेच पाहिजे.

जागेपर्यंत मोठी गाडी जात नसेल, तर माल लहान वाहनातून किंवा डोक्यावरून न्यावा लागतो. आडगावात गवंड्यांच्या मुक्कामाची सोय करावी लागते. शिवाय नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारणे आवश्यक असते. पावसाळ्यात धो धो पाणी पाहणाऱ्या वाडीवर उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल, तर तोही खर्च हिशेबात येतो. पाणी मारण्यात केलेली कसूर पुढे भेगांच्या रूपाने दिसते.

वाळू, सिमेंट आणि कर

पर्यावरणीय मंजुरीविना होणाऱ्या वाळूउपशाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये मनाई केल्यानंतर नदीतील वाळू दुर्मीळ व महाग होत गेली आणि दगड भरडून केलेल्या वाळूचा वापर वाढला. ही वाळू गिलाव्याला चालते. मात्र ती गिलाव्यासाठीच चाळलेली व धुतलेली असावी. काँक्रीटसाठीची भरड वाळू किंवा दगडाची भुकटी मिसळलेला स्वस्त माल वापरल्यास भेगा अधिक पडतात.

सिमेंटवरील वस्तू व सेवाकर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली, तर गोणीमागे सुमारे पावणेआठ टक्के बचत होते. परंतु सिमेंट हा एकूण खर्चाचा एक हिस्सा असल्याने संपूर्ण काम तेवढ्या प्रमाणात स्वस्त होत नाही. नोंदणीकृत ठेकेदाराच्या मालमजुरीसह बिलावरही १८ टक्के कर लागतो. मिळालेला दर कर धरून आहे की वगळून, हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये.

पत्र्याचा पर्याय

घाटालगतच्या भागात पश्चिमेच्या भिंतीवर रंगीत पत्रे ठोकण्याची पद्धत आहे. दिसायला ते ओबडधोबड वाटले तरी त्यामागील तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. भिंत व पत्रा यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या देऊन पोकळी ठेवली, तर पावसाचा मारा पत्रा झेलतो आणि मागची भिंत हवेने वाळत राहते. पत्रा थेट भिंतीला चिकटवला किंवा खिडक्यांच्या कडा उघड्या सोडल्या, तर पाणी आत कोंडून ओल अधिकच वाढते.

या उपायाचा आर्थिक लाभ असा, की चारही भिंती झाकण्याची गरज नसते. वरील उदाहरणात ४० फुटांची पश्चिम आणि ३० फुटांची दक्षिण बाजू झाकली, तर काम १,४०० चौरस फुटांवर, म्हणजे निम्म्यावर येते. सिमेंट-तंतूंचे तक्ते किंवा दगडी फरशी दिसायला सुबक असते. मात्र तिचा दर, वजन आणि बसवणाऱ्या कारागिराचे कौशल्य या तिन्ही बाबी खर्च वाढवतात. छज्जा रुंद करणे व त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवणे, हा कमी खर्चाचा उपाय मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो.

दगडमाती-चुन्याच्या जुन्या घरांचे गणित वेगळे आहे. अशा भिंतीवर कडक सिमेंटचा थर दिला, की आतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तेथे चुन्याचाच गिलावा योग्य. त्यासाठी जाणकार कारागीर शोधावा लागतो व वेळही अधिक लागतो.

खर्च कोणाचा?

नव्या गृहप्रकल्पातील घराची भिंत गळत असेल, तर खिशात हात घालण्यापूर्वी ताबापत्राची तारीख पाहावी. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तक्रार लेखी व छायाचित्रांसह असावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांत बाहेरील भिंतींची दुरुस्ती ही आदर्श उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी आहे. एका सदनिकाधारकाने आपल्यापुरते आतून लेप देऊन बाहेरची गळती थांबत नाही.

दिवाळीनंतर काम, मे महिन्याआधी शेवट

कामाचा महिना हाही खर्चाचा घटक आहे. पाऊस थांबल्यावर भिंत वाळू द्यावी, नोव्हेंबरमध्ये तपासणी करावी आणि हिवाळ्यात गिलावा उरकावा, हा क्रम उत्तम. नव्या गिलाव्याला रंग देण्यापूर्वी साधारण चार आठवडे जावे लागतात. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच घाई असते. गवंडी मिळत नाहीत, दर चढतात आणि ओलसर गिलाव्यावरच रंग मारला जातो. तो पहिल्याच पावसाळ्यात फुगतो.

किमान तीन ठेकेदारांकडून एकाच तपशिलाची अंदाजपत्रके मागवावीत. गिलाव्याची जाडी व प्रमाण, सांध्यांवरील जाळी, जुना थर उतरवणे, राडारोडा, परांची, पाणी, रंगाचे हात, कर आणि हमीचा काळ, असे प्रत्येक कलम स्वतंत्र लिहिलेले असावे. गिलावा उतरवल्यावर काय निघेल हे कोणालाच पूर्ण सांगता येत नाही, म्हणून दहा-पंधरा टक्के रक्कम राखून ठेवणे शहाणपणाचे. तीन दरांपैकी सर्वांत कमी दर कोणता, यापेक्षा त्या दरात कोणते कलम गाळले आहे, हे आधी पाहावे. गाळलेल्या कलमाचे पैसे आज वाचले, तरी मुळशीचा पाऊस ते दोन-तीन वर्षांत वसूल करतो.