देखभालीची कार्ययोजना आणि परतीची नोंद

कारखान्यातील पंप, इमारतीची लिफ्ट, विमानाचे इंजिन किंवा लोकल गाड्यांना वीज पुरवणारी ओव्हरहेड वायर यांची देखभाल ठरावीक रीतीने व्हावी, यासाठी तयार केलेल्या लेखी आराखड्याला प्रमाणित कार्ययोजना म्हणतात. कामाच्या जागी ती बहुधा जॉब कार्ड किंवा चेकलिस्ट या नावानेच ओळखली जाते. कोणते काम, किती दिवसांनी किंवा यंत्र किती तास चालल्यावर, कोणत्या क्रमाने, कोणती हत्यारे व सुटे भाग वापरून आणि कोणती खबरदारी घेऊन करायचे, हे तिच्यात नमूद असते. तिच्यामुळे काम एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या आठवणीवर विसंबून राहत नाही, हा लाभ सर्वमान्य आहे. मात्र तिचे खरे मोल शेवटच्या रकान्यात, म्हणजे ‘काय आढळले’ या नोंदीत असते, आणि नेमका तोच रकाना सर्वाधिक उपेक्षित राहतो.

या उपेक्षेचे मूळ जुने आहे. फ्रेडरिक टेलर यांनी 1911 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आखणी करणारा वर्ग आणि राबणारा वर्ग वेगळे केले; सूचनापत्र कचेरीत लिहायचे आणि कामगाराने ते पाळायचे, अशी ती विभागणी होती. तिने उत्पादनाला शिस्त लावली हे खरे, पण योजना वरून खाली येते आणि खालून वर काही जात नाही, अशी सवयही तिनेच रुजवली.

ही सवय मोडण्याचे मोठे काम विमान वाहतुकीत झाले. प्रत्येक भागाचे आयुष्य ठरलेले असते, ते संपण्याआधी तो उघडून संपूर्ण दुरुस्त करावा, अशी पूर्वीची धारणा होती. युनायटेड एअरलाइन्समधील स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी कार्यशाळांतून जमलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा अभ्यासलेल्या भागांपैकी सुमारे 89 टक्के भागांच्या बाबतीत वयानुसार बिघाड वाढत जाण्याचा असा पुरावा मिळाला नाही की ज्यावर दुरुस्तीची मुदत ठरवता येईल. 1978 सालच्या त्यांच्या अहवालातून ‘विश्वसनीयता-केंद्रित देखभाल’ ही विचारपद्धती रूढ झाली. भाग किती जुना आहे यापेक्षा तो बिघडल्यास काय ओढवेल, यावर तिच्यात कामाची निवड होते. या विचाराचा परिणाम त्याआधीच दिसू लागला होता. डीसी-8 विमानात ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल करायचे 339 भाग होते, तर पुढच्या डीसी-10 मध्ये असे केवळ 7 उरले. ही काटछाट शक्य झाली, कारण उघडलेल्या भागात काय दिसले, हे कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.

योजना कागदावर असूनही ती हातापर्यंत पोहोचली नाही तर काय होते, हे 10 जून 1990 रोजी दिसले. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सुमारे 17,300 फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला सुखरूप उतरवले. उड्डाणापूर्वी ही काच बदलताना तिचे बोल्ट भाग-सूचीतील क्रमांक पाहून नव्हे, तर जुन्या बोल्टशी ताडून निवडले गेले होते. 90 पैकी 84 बोल्ट 0.026 इंचाने बारीक निघाले आणि उरलेले 6 आखूड. हा दोष एका माणसापाशी थांबत नाही. काम करणाऱ्यानेच त्यावर सही केली, आणि ही काच दुहेरी तपासणी सक्तीची असलेल्या जागांत मोडत नसल्यामुळे दुसऱ्या कोणी ते पाहणे नियमाने बंधनकारक नव्हते. उणीव योजनेतच होती.

मुंबईच्या उपनगरी मार्गावरील रविवारचा मेगाब्लॉक हे अशा योजनेचे लाखो प्रवाशांना परिचित असलेले रूप. ओव्हरहेड वायरच्या कामाआधी वीजप्रवाह बंद केला जातो, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग केले जाते, आणि त्यानंतरच ‘परमिट टू वर्क’ हा लेखी परवाना दिला जातो. माणसे व हत्यारे मार्गावरून हलल्यावर परवाना परत होतो आणि मगच प्रवाह सुरू होतो. रुळांखालची खडी चाळली असेल, तर गाड्या प्रथम कमी वेगाने सोडून वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. या रचनेत कागद परत येईपर्यंत काम संपलेले मानले जात नाही, आणि हीच तिची सर्वांत अनुकरणीय बाजू होय.

ग्राहकाच्या दारी जाऊन सेवा देणाऱ्या तंत्रज्ञांच्या हाती आता कागदाऐवजी मोबाइल असतो. वेळ आपोआप नोंदली जाते, छायाचित्र जोडता येते. पण दोष निवडण्याची यादी आधीच ठरलेली असते आणि तिच्यात न बसणारा बिघाड दिसला, तर तंत्रज्ञ ‘इतर’ निवडून पुढच्या पत्त्याकडे निघतो. अशा ‘इतर’ नोंदी दर महिन्याला वाचून त्यांनुसार यादी व कार्ययोजना बदलण्याचे काम कोणाचे, हे व्यवस्थापनाने नावानिशी ठरवून त्याला त्यासाठी कामाच्या वेळेतले तास दिले पाहिजेत.