मूल हायस्कुलात गेलं, आता घराने काय पाहायचं?



जून महिन्यात वस्तीतली बरीच मुलं एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जातात. पालिकेची शाळा कुठे सातवीला संपते, कुठे आठवीला. मग दाखला काढायचा आणि हायस्कूल गाठायचं. त्या आठवड्यात घरात धावपळ असते ती गणवेश, वह्या, बूट आणि प्रवेशाच्या पैशांची. ती निभावली की घर निर्धास्त होतं. वस्तीत काम करताना आम्हाला दिसतं ते असं, की खरी काळजी घ्यायची वेळ त्यानंतर येते. जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे महिने नाजूक असतात.

जुन्या शाळेत बरं शिकणारं मूल नव्या शाळेच्या पहिल्याच चाचणीत घसरतं. घरात लगेच दोन उपाय निघतात, मार किंवा ट्यूशन. आम्ही म्हणतो, त्याआधी मुलाचं शरीर पाहा. पाणी, लघवी, झोप, सकाळचं खाणं, डोळे आणि मनातली भीती, एवढ्या गोष्टी तपासल्याशिवाय मुलाला ढ म्हणू नका. याच वयात मुलीला पाळी येते, मुलाचा आवाज फुटतो, दोघांची उंची झपाट्याने वाढते. त्यातच शाळा लांब जाते, प्रत्येक विषयाला वेगळे सर येतात, वर्गात ओळखीचं कुणी नसतं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं मोफत शिक्षण आणि शाळेतला पोषण आहार दोन्ही आठवीपर्यंतच. नववीत ते दोन्ही एकदम सुटतात. प्राथमिकपेक्षा माध्यमिकला गळती जास्त असते, त्याचं एक मूळ इथे आहे.

सगळ्यात आधी पाण्याचं बोलू, कारण घरात ते कुणी विचारतच नाही. नव्या शाळेतलं मुलींचं शौचालय घाण असतं, कडी नसते, नाहीतर कुलूप असतं आणि चावी शिपाईमामांकडे. मुलगी मामांकडे चावी मागायला लाजते. मग ती सोपा मार्ग काढते, पाणीच पीत नाही. सकाळी साडेसहाला घरातून निघालेली मुलगी दुपारी एकला घरी येऊन पहिल्यांदा लघवीला जाते. त्यातून डोकं दुखतं, शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ होते. अशी जळजळ, पुन्हा पुन्हा लघवीला लागणं, ओटीपोटात दुखणं, ताप यांतलं काही दिसलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. दवाखान्यात लघवी तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

मुलीला एवढंच शिकवा: उठल्यावर एक ग्लास पाणी, निघताना लघवी, शाळेत थोडं थोडं पाणी आणि मधल्या सुट्टीत लघवीला जायचंच. लघवी फिकट पिवळी असावी, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. मुलांनाही हेच सांगा. पण मुलीने काय करावं एवढं सांगून भागत नाही, शौचालय उघडं हवं. एकटी आई बोलली तर तिला फिरवून पाठवतात. पाच आया मिळून मुख्याध्यापकांकडे जा. चावी कुणाकडे, पाणी किती वाजता येतं, साफसफाई कधी होते, हे विचारून लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. आपल्यातल्या किती बायका त्या समितीत आहेत? पाण्यासाठी १९२७ साली महाडला गेलेला हा समाज, आणि आपल्याच मुली शाळेत तहान मारतात, हे आम्हाला बोचतं.

पाळीबद्दल आईने आधीच बोलायला हवं. ती येण्याची वाट पाहू नका, नाहीतर मुलीला वर्गातच कळतं आणि ती घाबरते. दप्तरात एक पॅड, एक जादा निकर, थोडा कागद आणि एक पिशवी कायम असू द्या. पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड असेल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं. आमच्या बायका ते लाजेने दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवतात. ओलं राहिलेलं कापड त्वचेला त्रास देतं. आणखी एक सांगतो, थोडं कडू लागेल. बाहेरच्यांनी आपला विटाळ मानला म्हणून आपण केवढा लढा दिला, आणि अजून काही घरांत पाळीच्या दिवसांत मुलीला बुद्धवंदनेला बसू देत नाहीत. हे धम्मात कुठेच नाही. मुलग्यांशीही बोला. स्वप्नात वीर्य गेलं तर तो आजार नव्हे, हे बापाने किंवा मामाने सांगितलं तर मूल भिंतीवरच्या जाहिरातीतल्या भोंदू डॉक्टरकडे जाणार नाही.

आता खाण्याचं. सकाळच्या पाळीच्या शाळेत मूल चहा-खारीवर जातं आणि हातात दहा रुपये असतात. त्या दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं येतात. तिसऱ्या तासाला चक्कर येते, लक्ष लागत नाही, आणि सर म्हणतात मुलगा झोपतो. रात्रीची चपाती किंवा भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, उकडलेलं अंडं, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे घातलेले पोहे, यांतलं एक पोटात गेलं तरी फरक पडतो. भाजीवर लिंबू पिळा, सुकट आणि कलेजी जमेल तेव्हा करा, आणि घरातल्या मुलग्याच्या ताटात जे पडतं तेच मुलीच्या ताटात पडू द्या. देशाच्या २०१९-२१च्या आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. १२ ते १४ वयात हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर ते कमीच समजायचं.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, ती लोहाची आहे. ती घेतल्यावर शौचास काळं होतं, काहींना मळमळतं, म्हणून घरचे ती बंद करायला सांगतात. काळं होणं हे त्या गोळीचं नेहमीचंच आहे, घाबरू नका. जेवून मग गोळी घ्यायची आणि गोळी-चहा एकत्र नको, दोहोंत तास-दोन तास जाऊ द्या. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, तीही चुकवू नका. नव्या शाळेत या गोळ्या मिळत नसतील तर आशाताईंना विचारा.

डोळ्यांची तपासणी जून-जुलैतच करा. दूरचं धूसर दिसणं बऱ्याच मुलांना याच वयात सुरू होतं. उशिरा प्रवेश झालेलं मूल मागच्या बाकावर बसतं, फळा दिसत नाही, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं आणि चुकतं. ते स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. दारात उभं करून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावा. एकेक डोळा झाकून वाचायला लावा. अडखळलं तर सरकारी दवाखान्यात न्या. शाळेत बालकांच्या आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

झोपेबाबत आमचं मत जरा वेगळं आहे. एका खोलीत सहा माणसं, बारापर्यंत टीव्ही, आणि मूल पाचला उठणार. या वयात आठ-नऊ तास झोप लागते. आपल्याकडे रामजीबाबांनी भिमरावांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवलं ही गोष्ट सगळेच सांगतात आणि मुलांना तसं उठवतातही. त्या गोष्टीचा अर्धा भाग आपण विसरतो. रामजीबाबा मुलाला आधी लवकर झोपवत, दोनपर्यंत स्वतः जागत, आणि मग त्याला उठवून स्वतः झोपत. परळच्या एका खोलीत मुलाच्या झोपेसाठी बापाने आपली झोप दिली होती. आपण निदान साडेनऊला टीव्ही आणि मोबाइल तरी बंद करू शकतो.

शेवटचं तपासायचं ते भीती. हायस्कुलात वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं असतात. आडनाव विचारतात, कुठे राहतोस विचारतात, शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात वाचली जाते आणि मागून कुणीतरी शेरा मारतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं आणि रविवारी दुखत नाही, डबा तसाच परत येतो, मूल गप्प होतं, कधी अंथरूण ओलं करतं. अशा पोटदुखीला नुसती गोळी देऊन चालत नाही. "लक्ष देऊ नको" म्हणून विषय तोडू नका. काय झालं, कुणी म्हटलं, कोणत्या दिवशी, हे शांतपणे ऐका आणि तारीख घालून लिहून ठेवा. एल्फिन्स्टन हायस्कुलात भिमराव फळ्याकडे निघाले तेव्हा मुलांनी फळ्यामागचे आपले डबे घाईघाईने हलवले होते, हे मुलाला सांगा. असं झालं यात आपला काही दोष नाही, हे त्याला त्यातून कळतं. "हो, आम्ही बौद्ध आहोत, जय भीमवाले आहोत" हे वाक्य घरात मोठ्याने म्हणून पाहू द्या. तोंडाला सवय असली की वर्गात मान खाली जात नाही. मग दोन मोठी माणसं मिळून वर्गशिक्षकांना भेटा. मारणं आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंद आहे, हे नम्रपणे पण स्पष्ट बोला. मूल जगणं नको म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, आणि छळ होत असेल तर मुलांसाठी १०९८. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे मूल एकटं बोलू शकतं.

कागदांचं थोडक्यात. जुन्या शाळेचा दाखला घेतानाच नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात नीट वाचा. चूक असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच दुरुस्त होते, दहावीनंतर फार त्रास पडतो. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांना केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट अडीच लाख. मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वेगळी. बँकेचं खातं आणि जातीचा दाखला याच वर्षी करून घ्या.

आता विहाराच्या कमिटीला एक विनंती. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल आणि रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होईल. वाचन आठला संपवून दिवे आणि पंखे दहापर्यंत चालू ठेवा, लाऊडस्पीकर आतल्यापुरताच ठेवा, आणि एका बाजूला चटया टाकून आठवी ते दहावीच्या मुलांना बसू द्या. मुलींना घरी सोडायला रोज दोन बायकांची पाळी लावा. मुलींच्या शौचालयाची चावी मात्र कमिटीकडे नको, बसणाऱ्या मुलींपैकीच एकीकडे द्या.